गाडी पुरात, कागद कचेरीत

निवडणूक आली की आमच्या शीव कोळीवाड्यातल्या टेम्पोवाल्यांच्या हातात आधी कागद पडतो आणि मग गाडी जाते. कागदावर गाडीचा नंबर असतो, मालकाचे नाव असते, कोणत्या तारखेला किती वाजता कोणत्या मैदानावर हजर व्हायचे ते असते. मंडळी कुरकुरतात, दोन दिवसांचा धंदा बुडाला म्हणून सरकारला चार शब्द सुनावतात आणि जातात. कागद घडी करून ड्रायव्हरच्या सीटवरच्या खणात, देवाच्या फोटोमागे ठेवतात. भाडे उशिरा मिळते, पण मिळते. कारण कागद आहे.

पावसाळ्यात मात्र वेगळा रिवाज. गांधी मार्केट आणि हिंदमाता पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, माणसे रुळांवरून चालू लागली की तीच गाडी तोंडी हुकमावर जाते. "ए टेम्पो, इकडे घे. या बायामाणसांना सर्कलपर्यंत सोड." टेम्पोवाला सोडतो. अशा वेळी भाड्याची भाषा करणारा माणूस मी या वस्तीत क्वचितच पाहिला. पण त्या खेपेत गाडीला काही झाले, किंवा गाडीने कुणाला काही झाले, तर पुढचे सगळे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. निवडणुकीच्या गाडीला कागद आणि पुराच्या गाडीला आरोळी, हा फरक कायद्याने केलेला नाही. कायदा दोन्हीकडे लेखी हुकूमच मागतो. फरक आपण केला आहे.

बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कागदाचे वेड असणारच, असे वाचक म्हणतील. म्हणू द्या. कादंबरीत माणसाचा शब्द पुरतो, कर्जाच्या फाइलीत पुरत नाही.

निवडणुकीसाठी गाड्या ताब्यात घेण्याचा अधिकार १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, कलम १६०. तो वाचताना मौज वाटते. त्यात वाहन तर आहेच, पण जलवाहन आहे आणि जनावरही आहे. मतपेट्या बैलगाडीतून, होडीतून, उंटावरून नेण्याचा तो काळ. हुकूम मोडणाऱ्याला वर्षापर्यंत कैद. आणि एक बारकी तरतूद अशी, की उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी प्रचारासाठी कायदेशीरपणे जी गाडी वापरत असेल, ती मतदान संपेपर्यंत ताब्यात घ्यायची नाही. कायदा करणाऱ्यांनी स्वतःची गैरसोय किती आधी ओळखली होती पाहा! पुरात सापडलेल्यांची गैरसोय ओळखायला पुढे चौपन्न वर्षे गेली.

आपत्ती व्यवस्थापन कायदा संसदेत झाला तो २००५ च्या डिसेंबरात. त्याआधीच्या डिसेंबरात त्सुनामी येऊन गेली होती आणि मधल्या जुलैत मुंबई बुडाली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, कुलाब्याला मात्र जेमतेम ७३. एकाच शहरात एवढी तफावत असल्याने फोर्टातल्या कचेऱ्यांना कुर्ल्यात काय चालले आहे याचा पत्ता नव्हता. बंद काचांच्या मोटारींत माणसे गुदमरून गेली. त्या दिवशी खासगी गाडी रीतसर ताब्यात घ्यायला कलेक्टरांच्या हातात असा देशव्यापी कायदाच नव्हता.

आता आहे. कलम ६५ सांगते की मदत, बचाव आणि पुनर्वसनाच्या कामासाठी कोणतेही वाहन लेखी आदेशाने ताब्यात घेता येईल, आणि गरज संपली की ते धरून ठेवता येणार नाही. वाहन म्हणजे काय, याची व्याख्याही ऐसपैस आहे. वाहतुकीच्या उपयोगाचे कोणतेही वाहन, मग ते यंत्राने चालो वा न चालो. म्हणजे गांधी मार्केटातली हातगाडीसुद्धा त्यात आली. होडी येते की नाही यावर वकील भांडतील, कारण १९५१ च्या कायद्यात तिचे नाव स्वतंत्र आहे आणि इथे नाही. अर्थात 'साधनसामग्री' या मोठ्या टोपलीत घालून तीही उचलता येईल.

कलम ६६ भरपाईचे. त्या भागात तशा गाडीला जे भाडे चालते, त्या हिशेबाने मालकाला मोबदला. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे दाद. आणि पुढे असे कलम आहे की ते वाचून माझ्यासारख्या जुन्या कर्ज अधिकाऱ्याचे डोळे पाणावतात. गाडी भाडेखरेदी करारावर असेल, तर मोबदल्याची वाटणी मालक आणि गाडी चालवणारा यांच्यात कशी करायची, तेही कायद्याने सांगितले आहे. आपसात ठरवा, जमले नाही तर लवाद ठरवील. म्हणजे हप्त्यावरच्या गाड्यांचा विचार कुणीतरी केला होता. मुंबईतल्या टॅक्सी-टेम्पोंच्या आरसी बुकावर कुठल्या ना कुठल्या बँकेच्या तारणाची नोंद असतेच. नसली तर गाडी जुनी झाली असे समजावे.

ताब्यात घेतलेल्या गाडीचे भाडे चुकते करणे ही काही दानधर्माची गोष्ट नाही. १९१४ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्य पॅरिसजवळ आले, तेव्हा फ्रेंच सेनापतीने शहरातल्या सुमारे सहाशे टॅक्स्या सैनिक नेण्यासाठी घेतल्या. त्या टॅक्स्या मीटर चालू ठेवून आघाडीवर गेल्या आणि मागाहून सरकारने मीटरप्रमाणे हिशेब केला. तोफा धडाडत असताना मीटर पडले होते, म्हणून तिथे कुणाच्या देशभक्तीला बट्टा लागला नाही.

कलम ६६ मध्ये एक गोष्ट मात्र नाही. भाडे आहे, पण पाण्यात इंजिन गेले, पत्रा चेपला, गाडी वाहूनच गेली, तर काय याबद्दल वेगळा शब्द नाही. इथेच खरे दुखणे आहे.

आमच्या शाखेचा एक खातेदार होता. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याचा टेम्पो कर्जावर होता, सव्वादोन वर्षांचे हप्ते बाकी. २६ जुलैच्या दुपारी माटुंग्याहून परतताना गणवेशातल्या कुणा साहेबाने त्याला थांबवले आणि अडकलेली शाळेची मुले गाडीत बसवली. किंग्ज सर्कलच्या कमरेएवढ्या पाण्यातून त्याने चार खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला इंजिन बंद पडले, त्याने ते पुन्हा चालू केले. चौथ्या खेपेनंतर ते कायमचे बसले. मुले सुखरूप पोचली. पंधरा दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने लिहिले की पाण्याने झालेले नुकसान वेगळे, आणि पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्याने झालेले वेगळे. दुसरे नुकसान पॉलिसीत बसत नाही. टेम्पोवाला माझ्या टेबलासमोर बसून एवढेच म्हणाला, "साहेब, गाडी बंद पडली तेव्हा आत बावीस पोरं होती. चालू करू नको असं विमावाला तिथं असता तर म्हणाला असता का?"

त्याला गाडी पाण्यात घालायला सांगणारा साहेब कोण, कोणत्या चौकीचा, हे त्याला ठाऊक नव्हते. विचारायची ती वेळही नव्हती. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची फेरमांडणी करण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या जुन्या सूचना आहेत, त्यांच्या आधाराने हप्ते पुढे ढकलता आले. पण पुढे ढकललेला हप्ता माफ झालेला नसतो, त्यावर व्याज चढतच असते. बावीस मुले पोचवण्याचा खर्च त्या माणसाने पुढची तीन वर्षे मासिक हप्त्याने फेडला, असा त्याचा सरळ हिशेब आहे.

त्यानंतर विमा कंपन्यांनी इंजिनाच्या संरक्षणाची वेगळी, जादा हप्त्याची पुरवणी काढली. घरच्या मोटारीला ती घेणारे पुष्कळ आहेत. धंद्याच्या गाडीवाला मात्र जो विमा कायद्याने सक्तीचा आहे तेवढाच उतरवतो, म्हणजे तिऱ्हाईताचा. स्वतःच्या गाडीचे काही झाले तर त्यात छदामही नाही. वाचकांनी आपापली पॉलिसी काढून पाहावी. जूनच्या आत पाहिलेली बरी.

आता तिऱ्हाईताचे पाहू. मदतीच्या कामात असलेल्या गाडीखाली कुणी सापडले, तर भरपाई कुणी द्यायची? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा स्पष्टपणे आला. एकदा २००७ साली, हिमाचल प्रदेशात निवडणुकीसाठी ताब्यात घेतलेल्या गाडीच्या अपघातात. पुन्हा २०१४ साली, आसामातल्या एका प्रकरणात. दोन्ही वेळा न्यायालयाने सांगितले की गाडी सरकारने ताब्यात घेतली की तिच्यावरचा ताबा मालकाकडे राहत नाही, तेव्हा भरपाईची जबाबदारी सरकारची. मालकाला हायसे वाटावे असाच निकाल. पण 'ताब्यात घेतली' हे शाबीत कशाने करायचे? लेखी आदेशाने. जो आपणहून धावला किंवा ज्याला रस्त्यावर नुसती हाक मारली गेली, त्याची गाडी कायद्याच्या नजरेत त्याचीच राहते आणि अपघातही त्याचाच. हुकमाची वाट पाहत थांबलेला माणूस सुरक्षित आणि न थांबता पाण्यात उतरलेला उघडा, असा हा उफराटा न्याय.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जीवनदूताचे, म्हणजे अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याचे कलम आले, १३४ अ. सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी २०१६ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली होतीच. चांगले कलम आहे. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला पोलिसांच्या आणि कोर्टाच्या चकरा घालाव्या लागू नयेत हा त्याचा हेतू. पण ते मोटार अपघातातल्या जखमींपुरते आहे. पुरातून, पडलेल्या इमारतीतून, बॉम्बस्फोटातून माणूस उचलणाऱ्याला ते शब्दशः लागू पडत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलमधल्या स्फोटांतले जखमी आमच्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आले, ते सगळेच रुग्णवाहिकेतून आले नाहीत. रुळांशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी चादरींत घालून, मिळेल त्या वाहनात टाकून आणले. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली २०१४ मध्ये, ९३७ गाड्यांनिशी. त्याआधी आणि खरे तर त्यानंतरही मोठ्या घातपातात पहिली धावते ती रस्त्यावरची टॅक्सी.

परवान्याचे आणखी एक. मुंबईत रिक्षाची हद्द शीवला आणि माहीमला संपते. जखमी घेऊन आलेल्या रिक्षाला त्या हद्दीवर अडवील असा हवालदार मला अजून दिसलेला नाही, पण परवान्याची अट मोडल्याचा ठपका कागदोपत्री येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमात परवान्यातून सूट मिळणाऱ्या वाहनांची यादी आहे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आहेत. मृतदेह आणि त्यासोबतचे शोकाकुल लोक नेणारे वाहन आहे. पूर-भूकंपामुळे रस्ता बदलून जावे लागलेले वाहनही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन ट्रक दिवसेंदिवस अडकले, तेव्हा तो ज्यांना ठाऊक होता त्यांना त्याचा आधार होता. पुरातून जिवंत माणसे बाहेर काढणाऱ्या साध्या टेम्पोचे नाव मात्र यादीत नाही. तरीही राज्य सरकारने मनात आणले तर 'इतर सार्वजनिक काम' म्हणून त्याला सूट देता येते. दिल्लीला जाण्याचीसुद्धा गरज नाही.

एवढे वाचून कुणाला वाटेल की गाड्या जितक्या जास्त तितके बरे. तसेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्ताने थकलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढचे काही दिवस लातूर-उस्मानाबादच्या त्या अरुंद रस्त्यांवर मदतीच्या ट्रकांइतक्याच बघ्यांच्या जीपगाड्या होत्या. लोक भूकंप पाहायला सहकुटुंब येत होते! कुणी जुने कपडे टाकायला आले होते, कुणी फोटो काढायला. ढिगारे उपसणाऱ्यांना वाट मिळेना. आपत्तीग्रस्त भागात येणारी-जाणारी वाहने रोखण्याचा जिल्हा प्राधिकरणाचा अधिकार पुढे २००५ च्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये आला, त्यामागे असे अनुभव आहेत.

जपानने हाच धडा कोबेत घेतला. जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर खासगी मोटारींनी रस्ते इतके तुंबले की अग्निशमनाचे बंब पोचेनात. त्याच वर्षी कायदा कडक झाला. आणीबाणीत कोणत्या गाड्यांना वाट द्यायची त्यांची पोलिसांकडे आगाऊ नोंद करता येते आणि त्यांना खूण मिळते. २०१४ मध्ये आणखी एक दुरुस्ती होऊन सोडून दिलेल्या गाड्या हलवण्याचा अधिकार रस्त्याच्या व्यवस्थापनाला मिळाला. तिथल्या नागरिकाला शिकवलेले असते की भूकंपात मोटार सोडून पळावे लागले तर ती कडेला लावा, दारांना कुलूप लावू नका आणि किल्ली आतच ठेवा, म्हणजे दुसऱ्याला ती बाजूला घेता येईल. आपल्याकडे किल्ली आत ठेवा म्हटले तर लोक हसतील. हसण्यासारखे आहेही. पण आगाऊ नोंद आणि खूण यात हसण्यासारखे काय आहे?

खुणेचा प्रयोग आपणही केला, उलट्या क्रमाने. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत मुंबई पोलिसांनी अत्यावश्यक सेवेतल्या गाड्यांसाठी रंगीत गोल काढले. वैद्यकीय सेवेला लाल, भाजीपाला-किराण्याला हिरवा, इतरांना पिवळा. लोकांनी ते घरच्या घरी कापून काचेवर डकवले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर लाल गोल इतके झाले की मुंबईत डॉक्टरांचा सुकाळ आहे असे वाटावे. आठवड्याभरात गोल मागे घ्यावे लागले. आदल्या वर्षी, जून २०२० च्या अखेरीस, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे कारणाशिवाय गेलात तर गाडी जप्त असा फतवा निघाला होता आणि हजारो गाड्या जप्त झाल्या होत्या. नोंद आधी आणि खूण मागाहून, हा क्रम पाळला असता तर खरी गरज आणि खोटी गरज वेगळी करता आली असती. त्याच एप्रिलात दुसरीकडे काय चालले होते पाहा. १९ तारखेला कळंबोलीहून सात रिकामे ऑक्सिजन टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, आणि २२ तारखेला केंद्राने आपत्ती कायद्याखाली आदेश काढला की ऑक्सिजनच्या गाडीला कोणत्याही राज्याच्या सीमेवर अडवायचे नाही. आदेश लेखी होता, नेमका होता, म्हणून सीमेवरच्या शिपायालाही कळला.

कोळीवाड्यात राहून होडीविषयी न लिहिणे बरे दिसणार नाही. आमच्या शीवच्या कोळ्यांची खाडी कधीच मागे सरली, पण वरळी, माहीम, धारावीच्या वाड्यांत होड्या आहेत. २०१८ च्या पुरात केरळच्या मच्छिमारांनी सहाशेहून अधिक बोटी ट्रकांवर लादून आतल्या गावांत नेल्या आणि हजारो माणसे काढली. सरकारने बोटीमागे रोजचा मोबदला, इंधन आणि नुकसानीची दुरुस्ती जाहीर केली. दुरुस्ती हा शब्द लक्षात घ्यावा, आपल्या कलम ६६ मध्ये तोच नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. बोटीत क्षमतेहून जास्त लोक होते. बोट कोणाची, किती माणसांची, जॅकेटे किती, हे पूर यायच्या आधी कुठे लिहिलेले असते तर निदान भरताना कुणी मोजले असते.

मग करायचे काय? नवा कायदा नको. आहे त्यात २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे, आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. वॉर्डनिहाय यादी त्या प्राधिकरणाने मे महिन्यात करावी. उंच चाकांचे ट्रक कोणाकडे, टेम्पो कोणाकडे, होड्या कोणाकडे, क्रेन कोणाकडे. वडाळ्याचे आरटीओ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, नोंदी तिथे आहेतच. यादीतल्या मालकाला एक सशर्त आदेश आधीच द्यावा, की अमुक वॉर्डात आपत्ती जाहीर झाली की आपली गाडी ताब्यात घेतली असे समजावे. त्यात भाड्याचा दर लिहावा, आणि केरळप्रमाणे दुरुस्तीचा शब्द लिहावा. ज्याला ऐन वेळी रस्त्यावर हाक मारली त्याच्यासाठी वॉर्डातल्या अधिकाऱ्याकडे आणि चौकीत छापील चिठ्ठ्यांचे पुस्तक असावे. गाडीचा नंबर, वेळ, सही. बँकेत पैसे भरण्याच्या स्लिपला याहून जास्त रकाने असतात.

रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, असे कायदा २०१९ पासून म्हणतो. १ ऑगस्ट २०२४ ला शीवचा रेल्वेवरचा शंभराहून जास्त वर्षांचा पूल वाहनांसाठी बंद झाला, तेव्हा धारावीच्या बाजूने रुग्णालयाकडे येणाऱ्या रुग्णवाहिकांना वळसा पडला. तिथे वाट न देणारा कुणी एक ड्रायव्हर नव्हता, की ज्याला दंड करावा.

तोवर घरातल्या मंडळींनी एवढे करावे. गाडीत एक वही आणि पेन ठेवावे. पावसात कुणी अधिकाऱ्याने गाडी मागितली तर जरूर द्यावी, पण सुटताना त्याचे नाव, बिल्ला नंबर, वेळ आणि कुठून कुठे गेलो ते लिहून घ्यावे. जमले तर त्याची सही. नाहीच जमले, तर आत बसलेल्या कुणाचा तरी फोन नंबर. बंद पडलेले इंजिन पाण्यात पुन्हा चालू करू नये, असे विमा कंपन्या सांगतात. आत बावीस पोरे असली तर काय करावे, ते मात्र त्यांच्या पत्रकात नाही.